आठवड्याचा पगार, तिमाहीचा पगार: व्हिक्टोरियन इंग्लंडमधले वर्ग कसे ओळखायचे

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं (१८३७ ते १९०१) इंग्लंड समजावून सांगताना बहुतेक ठिकाणी समाजाचे तीन खण पाडले जातात: वरचा वर्ग, मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग. ही मांडणी चुकीची नाही, पण तिचा फारसा उपयोगही होत नाही. वर्षाला ९० पौंड कमावणारा कुशल कारागीर कामगारवर्गात आणि ८० पौंडांवर खर्डेघाशी करणारा कारकून मात्र मध्यमवर्गात, हे कसं काय, याचं उत्तर त्या तीन खणांत मिळत नाही. त्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत. घरात पैसा किती दिवसांनी येतो? आणि घरातली राख, पाणी, मळके कपडे कोण उचलतं? या दोन उत्तरांवरून कुटुंबाची जागा बरीचशी अचूक सांगता येते.

आधी नाण्यांचा हिशेब. १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपये-आणे-पैचे हिशेब केलेल्या पिढीला यात अवघड असं काही वाटलं नसतं. शिवाय गिनी नावाचं एक प्रकरण होतं, २१ शिलिंगांचं. गिनीचं नाणं व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वीच पाडायचं बंद झालं होतं, पण बॅरिस्टर, बडे डॉक्टर आणि चित्रकार आपली फी गिनीतच सांगत. भाजीवाला आणि सुतार शिलिंग-पेन्समध्ये बोलत. बिल कोणत्या एककात आलं, यावरूनच बिल देणारा आपली पायरी सांगून जाई.

आता पैसा येण्याच्या वेळा. जमीनदाराला खंड बहुधा सहा महिन्यांनी मिळे. बँकेतला अधिकारी, सरकारी नोकर, शिकवणीची बाई यांचा पगार तिमाहीचा. इंग्लंडमध्ये त्यासाठी वर्षाचे चार ठरलेले दिवस होते: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. भाडेकरार, पगार, नोकरांना ठेवणं-काढणं, सगळं या चार दिवसांशी बांधलेलं. गिरणीतल्या, खाणीतल्या, बांधकामावरच्या माणसाला मात्र मजुरी आठवड्याला, बहुतेक शनिवारी. आणि लंडनच्या गोदीतल्या हमालाला तर तासावर. सकाळी फाटकाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाहीतर घरी परत. १८८९च्या गोदी कामगारांच्या संपातली मुख्य मागणी तासाला ६ पेन्स, एवढीच होती.

वरच्या थराबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्यांच्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलं आहे. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन या पाच उपाध्यांची घराणी आणि त्यांच्याखालचे मोठे जमीनदार मिळून संख्या अगदी थोडी. १८७०च्या दशकात जमिनीच्या मालकीची सरकारी मोजणी झाली, तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमधली सुमारे चार-पंचमांश जमीन ७,००० पेक्षा कमी मालकांच्या हाती असल्याचं दिसलं. जमीन फुटू नये म्हणून ती थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी सैन्य, चर्च, वकिली किंवा हिंदुस्थानातली नोकरी धरायची. सैन्यातली अधिकारपदं १८७१पर्यंत रोख पैसे मोजून विकत घेता येत. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत येऊन बसलेल्या गोऱ्या साहेबांत असे धाकटे मुलगे आणि मध्यमवर्गातले होतकरू दोघेही असत. या वर्गाचं आणखी एक लक्षण म्हणजे उधारी. शिंपी, वाणी, घोडेवाला यांची बिलं वर्षभर तुंबवून ठेवली तरी त्यांना कोणी हटकत नसे. हातात पैसा उशिरा येत असल्याने त्यांची पत कमी होत नसे, उलट वाढे.

मध्यमवर्गाची सीमा ठरवणारी गोष्ट म्हणजे मोलकरीण. इसाबेला बीटन यांचं गृहव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक १८६१ साली निघालं आणि घराघरांत पोचलं. त्यात उत्पन्नानुसार किती नोकर ठेवावेत याचं कोष्टकच आहे. वर्षाला १,००० पौंड असतील तर स्वयंपाकीण, दोन घरकामाच्या मोलकरणी, मुलं सांभाळणारी बाई आणि एक पुरुष नोकर. ५०० पौंडांत स्वयंपाकीण, एक मोलकरीण, मुलांची बाई. ३०० पौंडांत सगळी कामं करणारी एक आणि मुलांची एक. १५० ते २०० पौंडांत सगळी कामं करणारी एकटीच. हिचा पगार त्याच पुस्तकात वर्षाला ९ ते १४ पौंड दिला आहे. राहणं-जेवण मालकाकडे, पण रोख हिशेब केला तर १४ पौंडवालीला आठवड्याला साडेपाच शिलिंगसुद्धा पडत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्हिक्टोरियन नोकर म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो बटलर, ओळीत उभ्या दासी आणि तळघरातलं प्रचंड स्वयंपाकघर. १८५१च्या जनगणनेत घरकामाच्या नोकरांचा आकडा दहा लाखांच्या घरात होता, आणि त्यांतल्या बहुतेक जणी छोट्या घरांत एकट्या किंवा दुकट्या काम करत होत्या. तेराचौदा वर्षांची मुलगी, चार मजल्यांचं अरुंद घर, आणि मालकीणबाई स्वतःही अर्धवेळ पदर खोचून कामाला लागलेल्या, पण दारावर टकटक झाली की घाईघाईने एप्रन काढून बैठकीत जाऊन बसणाऱ्या. हे चित्र खऱ्याच्या जास्त जवळचं आहे.

या मुलीचा दिवस सुरू होई पहाटे, चुलीपासून. कोळशाच्या ओतीव लोखंडी चुलीत रात्रीची राख साचलेली असे. ती आधी चाळायची, कारण अर्धवट जळलेले निखारे पुन्हा वापरता येतात आणि ते फेकणाऱ्या मुलीला बोलणी बसत. मग धुराच्या वाटांतली काजळी ब्रशने काढायची. हे टाळलं तर चूल धुमसते, भट्टीचा भाग तापत नाही, आणि दुपारचं जेवण कच्चं राहतं. त्यानंतर लोखंडाला गंज चढू नये म्हणून ग्राफाइटची काळी पूड ओली करून फासायची, सुकू द्यायची आणि चकाकेपर्यंत घासायची. चूल गरम असताना हे करता येत नाही, म्हणून ते पेटवण्याआधीच उरकायचं. मग कागद, त्यावर काटक्या, त्यावर कोळशाचे तुकडे, मध्ये हवा जाईल अशी फट. एवढं झाल्यावर हात धुऊन बैठकीतली शेकोटी, जिन्याची झाडलोट, बूट, नाश्ता. वरच्या मजल्यावर गरम पाण्याचे डबे न्यायचे आणि खाली येताना रात्रीची लघवीची भांडी रिकामी करायला आणायची. अंघोळीचा पत्र्याचा टब बेडरूममध्ये ठेवलेला असेल तर २० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ९० किलो वजन जिन्यावरून वर न्यायचं आणि तेवढंच पुन्हा खाली आणायचं. दुपारी हीच मुलगी काळा पोशाख आणि पांढरा स्वच्छ एप्रन चढवून दार उघडायला उभी. पाहुण्याला तीच दिसली पाहिजे, सकाळची नव्हे.

सोमवार कपडे धुण्याचा. ही व्यवस्था सगळ्या थरांत होती, फरक एवढाच की कुणाकडे धोबीण येई, कुणी मोलकरणीसोबत धुई, कुणी एकटी धुई आणि कुणी दुसऱ्यांचं धुऊन पोट भरी. कपडे आदल्या शनिवारी वेगळे करायचे: पांढरे, रंगीत, लोकरीचे, आणि कामाचे मळकट. पांढरे सोड्याच्या पाण्यात भिजत घालायचे. सोमवारी उजाडायच्या आत न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या विटांच्या चौथऱ्यात बसवलेल्या मोठ्या भांड्यात पाणी भरून खाली जाळ करायचा. हे भांडं म्हणजे ‘कॉपर’. साबणाच्या वडीचे किसून तुकडे करून ते पाण्यात विरघळवायचे. दरम्यान लाकडी टबात तीन-चार पायांचा एक दांडा दोन्ही हातांनी गरगर फिरवत कपडे घुसळायचे. कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या मात्र फळीवर हाताने घासायच्या, कारण घुसळण्याने तिथला मळ निघत नाही. मग पांढरे कपडे उकळायचे. त्याच पाण्यात पुढे रंगीत, आणि सगळ्यांत शेवटी नवऱ्याचे कामाचे कपडे. पाणी बदलायचं म्हटलं तर ते पुन्हा वाहून आणावं लागतं. धुणं, उकळणं आणि दोन खळबळण्या धरल्या तर ५० गॅलन, म्हणजे सव्वादोनशे लिटर पाणी सहज लागतं.

शेवटच्या खळबळणीत नीळ घालायची. नीळ फडक्यात बांधून पाण्यात हलवली नाही तर कपड्यावर निळे पट्टे उमटतात. त्याहून वाईट म्हणजे, प्रशियन निळीचं पाणी वापरलं आणि कपड्यात सोडा किंवा साबण उरला असला, तर त्या निळीतलं लोखंड सुटून इस्त्रीखाली गंजासारखे पिवळट तांबूस डाग पडतात. ते डाग निळीमुळे पडले हे लक्षात यायला वेळ लागे आणि तोवर दोष लोखंडी टबाला जाई. त्यानंतर पिळण्याच्या लाकडी रुळांमधून कपडे काढायचे, बटणं आतल्या बाजूला दुमडून, नाहीतर ती फुटतात. कॉलरला खळ, इतरांना पातळ खळ. इस्त्र्या नेहमी दोन: एक हातात, एक चुलीवर. चुलीवरच्या इस्त्रीला काजळी लागते, म्हणून प्रत्येक वेळी तळ पुसून, मेणाच्या फडक्यावरून फिरवून मगच कपड्याला लावायची. एवढं सगळं करून मँचेस्टर किंवा लीड्समध्ये कपडे बाहेर वाळत घातले की गिरण्यांच्या धुराड्यांतून काजळीचे कण येऊन बसायचे. पावसाळी दिवसांत कपडे स्वयंपाकघरातच दोऱ्यांवर, आणि जेवायला रविवारचं उरलेलं थंड मांस. सोमवारी घरातले पुरुष बाहेर का राहत, हे वेगळं सांगायला नको.

पांढऱ्या कॉलरला इतकं महत्त्व का, ते आता कळेल. शुभ्र, खळ घातलेली कॉलर म्हणजे या माणसाचे हात राखेत नाहीत आणि त्याच्यासाठी कुणीतरी दर आठवड्याला हे सव्यापसव्य करतं, याची जाहिरात. म्हणूनच ८० पौंडांचा कारकून सुटी कॉलर आणि सुट्या बाह्यपट्ट्या वापरी. शर्ट तोच चार दिवस, कॉलर मात्र रोज ताजी. आठवड्याला ३५ शिलिंग मिळवणाऱ्या यंत्रकारागिराचं वर्षाचं उत्पन्न ९० पौंडांच्या आसपास जाई, म्हणजे कारकुनापेक्षा जास्त. पण कारकुनाचा पगार आजारपणात लगेच थांबत नसे, पाऊस पडला म्हणून बुडत नसे. बदल्यात त्याला काळा कोट, बऱ्यापैकी वस्तीतलं घर आणि बायकोने कमावायला बाहेर न पडणं, हे सगळं सांभाळावं लागे. १८४२ साली प्राप्तिकर पुन्हा लागू झाला तेव्हा वर्षाला १५० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाला तो माफ होता, दर पौंडाला ७ पेन्स. ‘आम्ही कर भरतो’ हे त्या काळात तक्रारीच्या सुरात सांगितलं तरी ऐकणाऱ्याला त्यातली ऐट कळायची.

त्याहून वरच्या मध्यमवर्गाच्या भेटीगाठींचे नियम आज विनोदी वाटतात, पण त्यांचं काम गाळणीचं होतं. ‘सकाळच्या भेटी’ प्रत्यक्षात दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान होत, पंधरा-वीस मिनिटांच्या. बाई कुणाकडे गेल्या तर स्वतःचं एक कार्ड आणि नवऱ्याची दोन ठेवून येत: नवऱ्याचं एक घरधन्यासाठी, एक घरधनिणीसाठी. बाईंचं एकच, कारण स्त्रीने परक्या पुरुषाच्या नावाने कार्ड ठेवायचं नसतं. कार्डाच्या उत्तरात माणूस भेटायला आला तर ओळख पुढे जाईल. उत्तरादाखल नुसतं कार्डच आलं तर समजायचं की इथपर्यंतच. तोंडावर कुणी कुणाचा अपमान केला नाही आणि जो संदेश द्यायचा तो पोचला.

कामगारवर्गाकडे वळलं की पैशाच्या वेळापत्रकाचा खरा जाच दिसतो. शनिवारी मजुरी, शनिवारी रात्री बाजार, सोमवारी घरभाड्याचा वसुलीवाला दारात. बुधवार-गुरुवारपर्यंत हात रिकामा. तिमाहीचा पगारदार टनभर कोळसा उन्हाळ्यात स्वस्तात भरून ठेवू शके. आठवड्याची मजुरीवाली बाई कोळसा थोडाथोडा, चौदा पौंड वजनाने घेई आणि चहा अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम. असं चिमूटचिमूट घेतलेलं सगळंच महाग पडतं. गरिबाला तीच वस्तू श्रीमंतापेक्षा जास्त दराने मिळे, यात कुठलाही विरोधाभास नाही, नुसता हिशेब आहे.

हाच हिशेब गहाणाच्या दुकानात करून पाहू. १८७२च्या कायद्याने लहान रकमांवर व्याज ठरवून दिलं: दर २ शिलिंगांना किंवा त्याच्या भागाला महिन्याला अर्धा पेनी, आणि पावतीचा अर्धा पेनी वेगळा. वर्षाचा दर काढला तर २५ टक्के येतो. पण प्रथा अशी की नवऱ्याचा रविवारचा सूट सोमवारी गहाण टाकायचा आणि शनिवारी सोडवायचा. महिन्याचा कोणताही भाग पूर्ण महिना धरला जाई. म्हणजे ५ शिलिंग उचलले तर तीन भागांचे दीड पेनी व्याज, अर्धा पेनी पावती, एकूण २ पेन्स. दर आठवड्याला तेच केलं तर वर्षाला १०४ पेन्स, म्हणजे ८ शिलिंग ८ पेन्स. पाच शिलिंगांच्या उचलीवर! कागदावर पंचवीस टक्के असलेला दर हातात येईपर्यंत पावणेदोनशेच्या घरात जातो. आणि तरीही ही बाई मूर्ख नव्हती. सोमवारचं भाडं चुकलं तर घर जाणार होतं. सूट मात्र सहा दिवस कपाटात नुसताच लटकणार होता.

तिच्यासमोर दुसरी अडचण म्हणजे वस्तूंतली भेसळ. डॉक्टर आर्थर हॅसल यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या दुकानांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून निष्कर्ष छापले. पावाला पांढरेपणा येण्यासाठी तुरटी, दुधात पाणी, मिरपुडीत झाडलोट, वापरलेल्या चहाच्या पत्त्या वाळवून रंगवलेल्या. १८५८ साली ब्रॅडफर्डमध्ये मिठायांत स्वस्त भर घालताना चुकून आर्सेनिक पडलं आणि सुमारे वीस माणसं दगावली. भेसळीविरुद्धचा खऱ्या अर्थाने चालणारा कायदा १८७५ साली झाला. तोपर्यंतचा एक उपाय लोकांनी स्वतःच काढला होता. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये १८४४ साली २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, मिळून दुकान काढलं: लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. वजन बरोबर, माल शुद्ध, उधारी बंद, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. आपल्याकडच्या सहकारी ग्राहक भांडारांची वंशावळ शोधत गेलं तर तिथे जाऊन पोचते. ‘उधारी बंद’ ही अट कठोर होती. ज्यांचा आठवडा कसाबसा निघतो अशा सगळ्यांत गरीब घरांना या दुकानाचा फायदा फारसा झाला नाही. तो झाला नियमित मजुरी असलेल्यांना.

कामगारवर्गातली ही फट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गल्लीत राहणाऱ्यांच्या लेखी मात्र मालक आणि मजूर यांच्यातल्या अंतराइतकंच अंतर ‘इभ्रतदार’ आणि ‘गावंढळ’ घरांत होतं. उंबऱ्याची दगडी पायरी पांढऱ्या दगडाने घासलेली आहे का, खिडकीला धुतलेला पडदा आहे का, मुलांना रविवारचे वेगळे कपडे आहेत का, पुढची खोली रोज न वापरता राखून ठेवली आहे का. कापडगिरण्यांच्या लँकेशर परगण्यात भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात पायरी घासायचा तो दगड देई. दर सकाळी गुडघे टेकून पायरी घासणं हे स्वच्छतेसाठी कमी आणि चार लोकांत मान ताठ ठेवण्यासाठी जास्त होतं.

ही इभ्रत किती पातळ भिंतीवर उभी होती, ते १८६१ ते १८६५ या काळात दिसलं, आणि इथे महाराष्ट्राचा सरळ संबंध येतो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. १८६२च्या हिवाळ्यात तिथले सुमारे पाच लाख लोक मदतीवर जगत होते. वर्षानुवर्षं बचत केलेले, पायऱ्या घासणारे कुशल सूतकताईवाले आधी बचत, मग घड्याळ, मग फर्निचर विकून शेवटी मदतीच्या रांगेत उभे राहिले. गिरण्यांनी हिंदुस्थानी कापूस आणला. त्याला तिथे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आखूड, त्यामुळे यंत्रावर सतत तुटे. मजुरी कातलेल्या मालावर असल्याने धागा तुटला की कामगाराचा खिसाही कापला जाई. त्याच वेळी मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. वऱ्हाड आणि खानदेशचा कापूस बंदरावर येत होता, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर्स हातोहात खपत होते. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. तिकडच्या चुली विझल्या तेव्हा इकडे दिवाळी होती, आणि इकडचं दिवाळं निघालं तेव्हा तिकडची धुराडी पुन्हा धूर ओकू लागली.

बचत संपल्यावरची शेवटची पायरी म्हणजे वर्कहाउस, निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारी सार्वजनिक जागा. १८३४च्या कायद्याचा मुद्दा असा होता की आतलं आयुष्य बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुरापेक्षा खडतर असलं पाहिजे, नाहीतर लोक आळशी होतील. म्हणून नवरा-बायकोला वेगळं ठेवायचं, मुलांना वेगळं, सगळ्यांना एकसारखा गणवेश, आणि काम दगड फोडण्याचं किंवा जुने दोरखंड पिंजण्याचं. १८४५ साली अँडोव्हरमध्ये असं उघडकीला आलं की खतासाठी हाडं कुटायला बसवलेले भुकेले लोक त्या हाडांतला मगज चोखून खात होते. त्यानंतर हाडं कुटणं बंद झालं, व्यवस्था राहिली. मरण तिथे आलं तर आणखी एक भीती. १८३२च्या कायद्याप्रमाणे कुणी न नेलेला मृतदेह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चिरफाडीसाठी देता येई. अर्धपोटी कुटुंबं विम्याच्या माणसाला दर आठवड्याला एक-दोन पेनी नेमाने का देत होती, याचं उत्तर यात आहे. तो विमा आजारपणाचा नव्हता, अंत्यसंस्काराचा होता. वरच्या घरांतल्या विधवेने वर्ष आणि एक दिवस गडद काळं क्रेप नेसायचं, मग हळूहळू हलकं, अशी दोन वर्षं चालणारी शिस्त होती. गरिबाला त्यातली एक दिवसाची घोडागाडी आणि काळी पट्टी परवडावी, एवढीच इच्छा.

मरण किती लवकर येई, याचे आकडे सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२च्या अहवालात आहेत. मृत्यूचं सरासरी वय मँचेस्टरमध्ये उच्चभ्रूंचं ३८, दुकानदारांचं २०, मजुरांचं १७. रटलंड या ग्रामीण परगण्यात अनुक्रमे ५२, ४१ आणि ३८. मँचेस्टरचा श्रीमंत आणि रटलंडचा मजूर एकाच आकड्यावर! हे वाचताना एक सावधगिरी हवी. ‘१७’ म्हणजे मजूर सतराव्या वर्षी मरत होते असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू इतके होते की सरासरी खाली खेचली जाई. बालपण ओलांडलेला माणूस पन्नाशी-साठी गाठू शके. मुलं मरत ती बऱ्याचदा पाण्यामुळे. मागची भिंत दुसऱ्या घराला चिकटलेली एक-वर-एक खोल्यांची घरं, अंगणात अनेक घरांना मिळून एक संडास, आणि दिवसातले काही तास चालणारा एकच नळ. पैसेवाला शहरात राहून नळ घरात घेऊ शके, पण हवा आणि कॉलरा वाटून घ्यावा लागे. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली तेव्हा लंडनच्या गटारांसाठी पैसे झटपट मंजूर झाले, यात आश्चर्य नाही.

वर्ग उघडपणे छापलेला दिसे तो रेल्वेच्या तिकिटावर. सुरुवातीला तिसऱ्या वर्गाचे डबे म्हणजे अनेकदा उघड्या वाघिणी. १८४४च्या कायद्याने प्रत्येक मार्गावर दिवसातून निदान एक गाडी अशी धावायला हवी की जिच्यात मैलाला एक पेनी भाडं, छप्पर आणि बसायला जागा असेल. कंपन्यांनी कायदा पाळला आणि ती गाडी शक्य तितक्या अडनिड्या वेळी सोडली. पुढे मिडलंड रेल्वेने १८७२ साली तिसऱ्या वर्गाला सगळ्या गाड्यांत प्रवेश दिला आणि १८७५ साली दुसरा वर्गच रद्द केला. प्रतिस्पर्धी कंपन्या चिडल्या, पण तिकिटांचा गल्ला तिसऱ्या वर्गातच जमतो हे मिडलंडला कळलं होतं. मुंबई-ठाणे मार्गावर १८५३पासून जी रेल्वे आली, तिच्यासोबत वर्गांची ही उतरंडही आली आणि इथे तिकडच्यापेक्षा चिवट निघाली.

शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत धान्य आणि मांस परदेशातून स्वस्त येऊ लागलं, शनिवारची अर्धी सुटी रुळली, १८७०च्या कायद्याने शाळा निघाल्या, १८८०मध्ये शाळा सक्तीची आणि १८९१मध्ये बहुतेक ठिकाणी मोफत झाली. सक्ती आणि मोफत यांच्यामधली अकरा वर्षं गरीब घरांना सगळ्यांत जड गेली: पोराची मजुरी बुडाली आणि वर फीचे पेन्स.

१८९९ साली गरिबीचे अभ्यासक सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या कामगार घरांची पाहणी केली. कामगारवर्ग कुठे संपतो हे ठरवायला त्यांनी मोलकरणीचीच कसोटी लावली: जिथे नोकर ठेवलेला, ते घर यादीतून बाहेर. मग आई-बाप आणि तीन मुलं यांना शरीर टिकवायला आठवड्याला किमान काय लागेल ते मांडलं. अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, कपडे, कोळसा आणि बाकी सगळ्याला मिळून ४ शिलिंग ११ पेन्स. बेरीज २१ शिलिंग ८ पेन्स. त्यातलं अन्न वर्कहाउसच्या जेवणापेक्षाही साधं धरलं होतं, ताजं मांस अजिबात नव्हतं. शहरातली २७.८४ टक्के माणसं दारिद्र्यात असल्याचं या पाहणीत निघालं. या रकमेत जगायचं तर काय काय सोडावं लागेल हेही राउंट्रींनी लिहून ठेवलं: घोडाबसचं भाडं नाही, अर्ध्या पेनीचं वर्तमानपत्र नाही, बापाला तंबाखू किंवा बिअर नाही, मुलीला बाहुली नाही, आणि दूर नोकरीला गेलेल्या लेकराला पत्र नाही, कारण तिकिटाचे पैसे या हिशेबात कुठेच बसत नाहीत.